उशाला छत्री

जपानात ओसाका शहराच्या सुमियोशी भागात जुन्या लाकडी घरांच्या रांगा होत्या. एकाला एक खेटलेली, तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब. अशा घराला जपानी माणूस गमतीने 'वाम माशाचे अंथरूण' म्हणतो. अशाच तीन घरांच्या रांगेतले मधले घर काढून तादाओ आंदो यांनी १९७६ साली तिथे जे उभे केले, ते पाहून आपल्याकडची एखादी आजी सहज विचारील, "अहो, गिलावा कधी करणार?"

गिलावा नाहीच! रस्त्याकडे उघड्या काँक्रीटची सपाट भिंत आणि तिच्यात दारापुरती मोकळी जागा. खिडकी एकही नाही. रुंदी जेमतेम अकरा-बारा फूट, दोन्ही मजले मिळून सातशेएक चौरस फूट जागा. बरे, जागेची एवढी चणचण असताना या गृहस्थांनी घराचा मधला तिसरा हिस्सा उघड्या चौकाला देऊन टाकला. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर नि न्हाणी, वर दोन टोकांना निजायच्या खोल्या. मधे जिना आणि एक पूल, तोही उघड्यावरच. पावसाळी रात्री न्हाणीघर गाठायचे तर उशाला छत्री हवी.

वाचक भगिनींच्या कपाळावरच्या आठ्या मला इथून दिसताहेत, आणि त्या रास्तच आहेत. ओसाकाच्या थंडीत चहाचा ट्रे घेऊन चौक ओलांडणे ही काही चैन नव्हे. पण दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती; उजेड आणि वारा यायचा कुठून? वरूनच. आपल्या वाड्यांच्या चौकानेही हेच काम केले. फरक इतकाच, की वाड्यात चौकाभोवती ओसरी असे. आंदो यांनी चौक ठेवला आणि ओसरी गाळली. (ते पूर्वी मुष्टियोद्धे होते, आर्किटेक्टचे शिक्षण कॉलेजात न जाता घेतलेले. सोसण्याची सवय असावी!) पुलावर हातभर छप्पर असते तर घराचे रूप फारसे बिघडले नसते, असे मला वाटते.

गल्लीची मात्र त्यांनी बूज राखली. शेजाऱ्यांच्या डोक्यावरून पाहणारा इमला नाही, कसला भपका नाही. तरीही खिडकीत उभे राहून शेजारणीशी दोन शब्द बोलायची सोय गेली ती गेलीच.

१९७९ साली या घराला जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेचे पारितोषिक मिळाले, आणि १९९५ मध्ये आंदो यांना प्रिट्झकर. घरमालकांना कुठले पदक मिळाले नाही. पण ते कुटुंब त्या घरात पुढे कित्येक वर्षे राहिले.