खंजिरी, आकाशलहरी आणि परकी माहिती

१९५५ हे वर्ष माध्यमांच्या अभ्यासकाने दोन कारणांसाठी ध्यानात ठेवावे. त्या वर्षी केंद्रीय मंत्रिमंडळाने परकीय वृत्तपत्रांना या देशात आवृत्ती काढू न देण्याचा व वृत्तपत्रव्यवसायात परकी भांडवल न घेण्याचा ठराव केला; आणि त्याच वर्षी गुरुकुंज मोझरीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन जपानच्या धर्मपरिषदेला गेले. ‘ग्रामगीता’ही त्याच वर्षाची. परकीय प्रभावाला दिलेली ही दोन भिन्न उत्तरे आहेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते : एक दार लावण्याचे, दुसरे स्वतःचा आवाज घेऊन बाहेर पडण्याचे.

पहिल्या उत्तराची गत सर्वज्ञात आहे. १९९१ साली आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून थेट घरात आली, तेव्हा तो ठराव कायमच होता. मात्र तो छापील कागदापुरता होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. २००२ मध्ये वृत्तपत्रांत २६ टक्के परकी गुंतवणुकीस मुभा मिळाली. त्यानंतर आपली चर्चा टक्क्यांतच अडकली.

युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने १९८० साली माहितीच्या एकमार्गी ओघाविषयी जे म्हटले, ते आपण आवडीने उद्धृत करतो. पण असाच ओघ मुंबई-पुण्याहून वऱ्हाडाकडे वाहतो, याचा उल्लेख आपल्या प्रबंधांत क्वचितच आढळतो. मराठी वाहिन्यांवर वऱ्हाडी बोली येते ती बहुधा हशा पिकविण्यासाठी. परकीयांनी नवी वाट काढली नाही. जुनीच वाट लांबविली. (ही तक्रार नागपूर-अमरावतीविरुद्ध एखादा मेळघाटवासीही करू शकेल, हे मान्य.)

गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत ऐकणारा तोच म्हणणाराही असे. गावोगावच्या शाखांतून चाललेली ही संवादव्यवस्था होती, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये महाराजांना अटक करणाऱ्या सरकारला तिचे सामर्थ्य नीट उमगले होते. आपल्या विभागांना ते अजून उमगलेले नाही. आपण ‘ग्रामगीते’ची ओवी तपासतो, अलंकार मोजतो, ती कोणी, कोठे, कोणाच्या साथीने म्हटली, याची नोंद ठेवीत नाही. आज तीच भजने यूट्यूबवर आहेत. कोणते भजन कोणापुढे यावे, हे एका अमेरिकी कंपनीचे गणित ठरविते, आणि त्या भजनाखाली श्रोता एकटा असतो.

तिवसा, अमरावती, अकोला येथील महाविद्यालयांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून निदान एवढे करून घ्यावे : एका गावात एका संध्याकाळी काय काय ऐकले जाते, कोठून येते आणि त्यात कोण सूर मिसळतो, ते जागेवर बसून टिपावे. प्रार्थनेत बसणारी पिढी वृद्ध झाली आहे.