उशिरा हसणारा मुलगा : स्टँडअप कॉमेडी, आपला तरुण आणि सम्यक वाचा

वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत काम करताना आम्हाला एक दृश्य वारंवार दिसते. रात्री दहाच्या सुमारास स्पर्धा परीक्षेची पुस्तके बाजूला सरकतात, एका मोबाईलभोवती पाच-सहा डोकी जमतात आणि हशा पिकतो. पडद्यावर कुणी स्टँडअप कॉमेडियन असतो. तो मंत्र्यांची टोपी उडवतो, बुवा-बाबांची उडवतो, टीव्हीवरच्या निवेदकांची उडवतो. मग त्याच ओघात आरक्षणातून डॉक्टर झालेल्याकडून ऑपरेशन करून घेण्याचा विनोद येतो. पोरे त्यावरही हसतात. एखादा मात्र जरा उशिरा हसतो. आधी आजूबाजूला बघतो आणि मग हसतो.

हा लेख त्या उशिरा हसणाऱ्या मुलाबद्दल आहे.

या विषयावर आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, हा सगळा घाणेरडेपणा आहे, पोरांनी बघूच नये. तरुण म्हणतात, विनोद हा विनोद असतो, एवढे मनावर काय घ्यायचे? आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिले उत्तर तरुणाला ही कॉमेडी का आवडते हे विचारतच नाही. दुसरे उत्तर तो उशिरा का हसला हे विचारत नाही.

ही कॉमेडी आवडते कारण…

आपला तरुण लहानपणापासून जपून बोलायला शिकलेला असतो. भाड्याने खोली बघताना आडनाव कधी सांगायचे, मुलाखतीत गावातल्या वस्तीचे नाव घ्यायचे की नाही, ऑफिसात 14 एप्रिलची रजा कशी मागायची, या सगळ्याचा तो मनात हिशेब करतो. अशा मुलासमोर कुणीतरी माईक हातात घेऊन, ज्यांच्यापुढे सगळे वाकतात त्यांची नावे घेऊन बोलतो. तेव्हा हसण्याबरोबर त्याला सुटल्यासारखेही वाटते. जे आपण गिळतो ते कुणीतरी मोठ्याने बोलले, ही ती सुटका आहे. तिला थिल्लर म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

शिवाय या बोलण्याची किंमत मोजावी लागते, हेही तरुण बघतो. मुनव्वर फारुकी या कॉमेडियनला 1 जानेवारी 2021 रोजी इंदूरमध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन देईपर्यंत त्याला महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. मार्च 2025 मध्ये कुणाल कामराने उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर, नाव न घेता, एक विडंबनगीत केले. त्यानंतर शिवसैनिकांनी मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची तोडफोड केली. दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक अनधिकृत बांधकामाचे कारण देऊन तिथे हातोडे घेऊन पोहोचले. कामराने माफी मागायला नकार दिला आणि हातात संविधानाची प्रत घेतलेला स्वतःचा फोटो समाजमाध्यमावर टाकला. तो फोटो आपल्या कितीतरी गटांत फिरला. आपल्या बापाचे पुस्तक हातात धरून कुणी उभा राहिला, तर आपली पोरे त्याच्या बाजूने उभी राहणारच.

सगळ्याच हद्दी सारख्या नसतात

पण त्याच हॅबिटॅटमध्ये ‘इंडियाज गॉट लेटेंट’ हा कार्यक्रमही होत असे. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यात एका स्पर्धकाला आई-वडिलांच्या लैंगिक संबंधांबद्दल विचारलेल्या प्रश्नावरून गदारोळ झाला, गुन्हे दाखल झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपंगांवर विनोद केल्याबद्दल काही कॉमेडियनना जाहीर माफी मागायला न्यायालयाने सांगितले. त्यात लेटेंटचा कर्ता समय रैनाही होता.

कामराही ‘हद्द ओलांडतो’ आणि लेटेंटवालेही ‘हद्द ओलांडतात’, असे म्हणून दोघांना एकाच माळेत ओवण्याची सवय लागली आहे. बंदी मागणारे हेच करतात आणि टाळ्या वाजवणारेही हेच करतात. दोघांवर गुन्हे दाखल झाले, म्हणजे दोघेही सारखेच शूर, असा समज तयार होतो. आमचे म्हणणे असे आहे की सरकार चिडले म्हणून बोलणारा खराच बोलला, असे सिद्ध होत नाही. विनोदासाठी कुणालाही तुरुंगात टाकायला आपला विरोध असायला हवा. पण ज्याच्या अटकेला विरोध करतो, त्याच्या प्रत्येक विनोदाला टाळी द्यायलाच हवी असे नाही.

हद्द म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले, ती हद्द ओलांडणे होते. त्यामागे शतकांची बंदी होती आणि सत्याग्रहींनी त्याची किंमत डोकी फोडून घेऊन मोजली. आता आरक्षणाच्या विनोदाकडे बघा. मायावतींच्या रूपावर केलेल्या विनोदांकडे बघा. 2012 मधले असे एक ट्विट 2021 मध्ये पुन्हा वर आले, तेव्हा त्या कॉमेडियनला माफी मागावी लागली. त्याच सुमारास एका अभिनेत्याचा तसाच जुना व्हिडिओ बाहेर आला आणि संयुक्त राष्ट्रांशी संबंधित एका कराराच्या सदिच्छादूतपदावरून त्याला हटवण्यात आले. या विनोदांत कोणती हद्द ओलांडली? गावच्या पारावर पिढ्यान्‌पिढ्या जे बोलले गेले, तेच एसी हॉलमध्ये तिकीट लावून बोलले गेले. असा विनोद हद्द मोडत नाही, तिची राखण करतो. म्हणूनच तो उशिरा हसणारा मुलगा आधी आजूबाजूला बघतो. हसला नाही तर ‘याला लागले’ असे म्हणतील, आणि लागले म्हणजे हा कोण ते कळेल.

तालपुट आणि अभय राजकुमार

बुद्धांसमोर हा प्रश्न आला होता. संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटांच्या नायकाची कथा आहे. तो तथागतांना विचारतो : रंगमंचावर खऱ्या-खोट्याने लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो, असे आमचे जुने आचार्य सांगतात. आपले म्हणणे काय? तथागत दोनदा उत्तर द्यायचे टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात की लोकांच्या मनात आधीच लोभ, द्वेष आणि मोह असतो आणि असा नट तोच वाढवत असतो, त्यामुळे त्याची गती स्वर्गाची नाही. तालपुट रडू लागतो. तो म्हणतो, तुमच्या उत्तराने मी रडत नाही, इतकी वर्षे आचार्यांनी मला फसवले म्हणून रडतो.

स्वर्ग-नरक आपण मानत नाही. तरी कथेतला प्रश्न आजचा आहे. हसून उठल्यावर प्रेक्षकाच्या मनात काय वाढले? अन्याय करणाऱ्याची भीती कमी झाली, की आधीच खाली दाबलेल्याबद्दलचा तिटकारा वाढला?

याचा अर्थ बौद्धांनी गोड-गोडच बोलावे असाही नाही. मज्झिम निकायातल्या अभय राजकुमार सुत्तात तथागत बोलण्याची कसोटी सांगतात. जे खरे आहे आणि हिताचे आहे, ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी तथागत योग्य वेळ पाहून बोलतात. जे खोटे किंवा अहिताचे आहे, ते कितीही प्रिय असले तरी बोलत नाहीत. लहान मुलाच्या घशात खडा अडकला, तर रक्त आले तरी तो काढावा लागतो, असा दाखला तिथे आहे. म्हणजे टोचणारे बोलणे सम्यक वाचेच्या बाहेर नाही. खडा काढण्यासाठी बोट घालणे वेगळे आणि मजेसाठी टोचणे वेगळे. कॉमेडियनच्या क्लिपला हीच कसोटी लावता येते : खरे आहे का, कुणाच्या हिताचे आहे आणि रक्त कुणाचे निघते आहे?

आपला आरसा

दुसऱ्यांना कसोटी लावताना आपला आरसाही पुसून घ्यावा लागेल. 2012 मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या 1949 च्या व्यंगचित्रावरून वाद पेटला. त्यात संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आहेत आणि मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. ते चित्र बघून आपल्याला राग आला आणि त्या रागाला कारण होते. वर्गात ते पान उघडल्यावर आपल्या पोराकडे कोण कसे बघेल, हे आपल्याला ठाऊक होते. पण पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांनी राजीनामा दिल्यानंतरही पुणे विद्यापीठातल्या त्यांच्या कार्यालयाची काही कार्यकर्त्यांनी तोडफोड केली. खारच्या तोडफोडीचा निषेध करताना आपण तो दिवस विसरू शकत नाही. जातीवरून जाणूनबुजून अपमान झाला तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, आणि जिथे तो लागू होतो तिथे न कचरता वापरावा. पण खुर्च्या फोडून अपमान पुसला जात नाही. फोडलेल्या खुर्च्या तेवढ्या लोकांच्या लक्षात राहतात.

मग करायचे काय? उत्तर बाबासाहेबांच्या 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात आहे. संविधानाला उशीर झाला, ही शंकर यांच्या चित्रातली टीका तेव्हा सभागृहातही होत होती. नझीरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीला, म्हणजे ‘ड्राफ्टिंग कमिटी’ला, ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ म्हणजे वाहवत जाणारी समिती म्हणून हिणवले. बाबासाहेबांनी आधी हिशेब मांडला : दुसऱ्या देशांना किती वेळ लागला, आणि या सभेला 2,473 दुरुस्त्यांचा विचार करावा लागला. मग त्यांनी त्या कोटीवर कोटी केली. ताबा सुटून वाहवत जाणे वेगळे आणि ताबा ठेवून वाहणे वेगळे. आमची समिती नशिबाने मासा लागेल म्हणून गळ टाकून बसली नव्हती, तिला पाणीही माहीत होते आणि हवा असलेला मासाही, अशा अर्थाचे ते उत्तर होते. आधी आकडे आणि मग वरचढ विनोद, अशी ही रीत आहे. ती आपण विसरलो.

आपला माईक

ही रीत आपल्या परंपरेतही होती. तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी रात्र-रात्र लोकांना हसवत जागे केले. सोंगाड्या पाटलाची, भटाची फिरकी घ्यायचा आणि आपल्यातल्या अंधश्रद्धेचीही घ्यायचा. आज अंकुर तांगडे, मनाल पाटील, मनजीत सरकार यांसारखे दलित कॉमेडियन ‘ब्लू मटेरियल’ या नावाखाली जातीवर बोलत आहेत. त्यांची तिकिटे आपण काढतो का? त्यांच्या क्लिप आपल्या गटांत फिरतात का?

त्यांची वाटही सोपी नाही. अमेरिकेतला कृष्णवर्णीय कॉमेडियन डेव्ह चॅपेल 2005 मध्ये सुमारे 5 कोटी डॉलरचा करार सोडून आपल्याच कार्यक्रमातून निघून गेला. वंशभेदाची खिल्ली उडवणाऱ्या एका प्रसंगाच्या चित्रीकरणात एक गोरा माणूस हसला, आणि ते हसणे आपल्याबरोबर नसून आपल्यावर आहे असे त्याला वाटले. पुढे 2021 मध्ये त्याच चॅपेलने पारलिंगी व्यक्तींवर केलेल्या विनोदांनी मोठा वाद झाला. वरच्यावर हसणारा माणूस खालच्यावर कधी हसू लागतो, हे त्यालाही कळत नाही. आपल्या कॉमेडियननाही हे लागू आहे आणि आपल्या कट्ट्यावरच्या गप्पांनाही. आपल्यातल्या स्त्रिया, आपल्याच पोटजाती, पारलिंगी आणि अपंग साथी यांच्यावर आपण जे विनोद करतो, ते तालपुटाच्या कसोटीला उतरतात का?

म्हणून आमची सूचना छोटी आहे. अभ्यासिकेत मोबाईल बंद करायला सांगू नका. क्लिप सगळ्यांनी मिळून बघा आणि संपल्यावर विचारा : आपण नेमके कुणाला हसलो? जयंतीच्या कार्यक्रमात दोन तास भाषणांना देतो, त्यातली वीस मिनिटे वस्तीतल्या पोरा-पोरींच्या हातात माईक द्या. ते गटातटात फुटलेल्या आपल्या नेत्यांना हसतील, डीजेच्या बिलाला हसतील, आम्हा समाजकार्यकर्त्यांच्या अहवालांना आणि फोटोंना हसतील. ऐकून घ्या. आपल्यावर हसू देण्याची ताकद ज्या चळवळीत असते, तिलाच दुसऱ्याच्या खोट्या हशाला उत्तर देता येते.

आणि त्या उशिरा हसणाऱ्या मुलाला एवढेच सांगा : हसायला आले तर खुशाल हस, पण आधी आजूबाजूला बघावे लागले, तर तो विनोद तुझ्यासाठी नव्हता. अशा वेळी न हसणे हा घाबरटपणा नाही. चारचौघांत सगळे हसत असताना गप्प राहून ‘यात हसण्यासारखे काय आहे?’ असे विचारणे, हीही हद्द ओलांडणेच आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.