थ्रेडला मारू नका, थांबायला सांगा

गेल्या शनिवारी गावी होतो. गाव राहुरी तालुक्यात, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे काका उसात दारं धरायला गेलेले आणि त्यांना जेवायला बोलवायचं काम माझ्याकडे. "चला" म्हटल्यावर काका काही लगेच निघाले नाहीत. चालू सरी भरू दिली, मोटर बंद केली, मग फावडं खांद्यावर टाकलं. मधूनच ओढून आणलं असतं तर पाणी रात्रभर शेजारच्यांच्या कांद्यात गेलं असतं.

आमच्या धंद्यात मात्र असं ओढून आणणं सर्रास चालतं. थ्रेड अडकला? पीथ्रेड कॅन्सल करा, विषय संपला. मीही तेच केलं होतं. आधीच्या नोकरीत आमचा एक सर्व्हर दर दोन-चार दिवसांनी गोठायचा. क्रॅश नाही, लॉगमध्ये काही नाही, सीपीयू निवांत. तीन रात्री घालवल्यावर सापडलं. एक वर्कर थ्रेड कंडिशन व्हेरिएबलवर वाट बघत असायचा आणि टाइमआउट झाला की मी त्याला कॅन्सल करायचो. आता पॉसिक्सचा नियम असा, की कंडिशन वेटमध्ये कॅन्सल झालेला थ्रेड आधी म्यूटेक्स पुन्हा ताब्यात घेतो आणि मग त्याचे क्लीनअप हँडलर चालतात. मी हँडलर लिहिलाच नव्हता! थ्रेड आतून कडी लावून मेला आणि बाकीचे सगळे दाराशी उभे.

मग हँडलर लिहा की, असं कोणी म्हणेल. स्वतःच्या कोडमध्ये लिहाल हो. पण रीड, स्लीप हेसुद्धा कॅन्सलेशन पॉइंट आहेत. थ्रेड दुसऱ्या कुणाच्या लायब्ररीत शिरलेला असताना मेला, तर तिथला पसारा कोण आवरणार?

जावात गंमत उलटी होती. थ्रेड स्टॉप केला की कुलपं उघडायची, पण आतला डेटा अर्धवट राहायचा. म्हणून १९९८ सालच्या १.२ आवृत्तीतच ती मेथड वापरू नका असं सांगितलं गेलं, आणि २०२३ च्या जावा २० मध्ये ती नुसतं एक्सेप्शन फेकू लागली. अँड्रॉइडच्या सी लायब्ररीत पीथ्रेड कॅन्सल मुळातच नाही. सी प्लस प्लस २० मध्ये स्टॉप टोकन आलं, म्हणजे नुसती विनंती. थ्रेडने ती आपल्या सोयीच्या जागी बघायची.

तर माझं मत असं, की लायब्ररी लिहिणाऱ्याने बाहेरून थ्रेड मारायची सोयच देऊ नये. थांबण्यासाठी फ्लॅग द्यावा. कंडिशनवर झोपलेल्याला ब्रॉडकास्ट करून उठवावं. रीडवर अडकलेला थ्रेड फ्लॅग बघणारच नाही, म्हणून त्याला पोल वापरायला लावून सोबत एक पाइप द्यावा. शेवटी जॉइन करावं. आणि ज्या कोडवर भरवसाच नाही, तो सरळ वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवावा. प्रोसेस मारली तर मेमरी आणि उघड्या फाइली ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते. थ्रेडच्या मागे आवरायला कोणी नसतं.

यात वेळ जातो, हे कबूल. त्या रात्री आमचं जेवणही अर्धा तास उशिरा झालं. पण सकाळी बांधावर भांडण नव्हतं :-)