कण्हेर लावा, पण जयणेने



आपल्याकडे अंगणातल्या झाडांचा विषय निघाला की कण्हेरीवर दोन मतं पडतातच. काहीजणी म्हणतात, आपल्या उन्हात बारमाही हिरवं राहणारं आणि फुलणारं असं दुसरं झुडूप नाही. काहीजणी म्हणतात, विषारी झाड श्राविकेच्या अंगणात कशाला? पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य सांगितलंय ना! मी पहिल्या बाजूची. पण दुसऱ्या बाजूची भीती खोटी नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पाण्याचं बोलू. आपला बीड जिल्हा, त्यातही आष्टी-पाटोद्याचा भाग, पर्जन्यछायेतला. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस कोण विसरेल? अशा ठिकाणी लॉन लावायचं आणि त्याला रोज पाईपने पाणी मारायचं, हे मला पटत नाही. पाण्याच्या एका थेंबात असंख्य अप्काय जीव आहेत, असं आपण मुलांना शिकवतो. मग अंगण हिरवं ठेवायला रोज किती पाणी ओततो, याचाही हिशोब नको का?

कण्हेर हा हिशोब सांभाळते. तिचं पान जाड आणि चिवट असतं. पानाच्या खालच्या बाजूला बारीक खळगे असतात, त्यांत लव असते आणि श्वासाची छिद्रं त्या खळग्यांत दडलेली असतात. त्यामुळे गरम वाऱ्यात तिचं पाणी कमी उडतं. महामार्गाच्या दुभाजकात धूर आणि ऊन खात ती फुलते, ती उगीच नाही.

लावायची रीत सोपी आहे. मृगाचा पाऊस पडला की पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी घ्या, खालची पानं काढून मातीत खोचा. चौमासी चौदसच्या आधी हे काम उरकून घ्या. मुरमाड जमीन चालते. ऊन भरपूर हवं आणि मुळाशी पाणी साचायला नको. पहिलं वर्ष आठवड्याला एकदा पाणी द्या. झाड स्थिरावलं की कडक उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा, भरपूर. भाज्या धुतलेलं पाणी चालतं. खत जास्त घालू नका. कोवळे शेंडे फार फुटले की पिवळा मावा येतो, मग फवारणीचा मोह होतो. फवारू नका. थोडं थांबलं की ठिपकेवाले ढालकिडे येऊन मावा आटोक्यात आणतात.

आता विषाचं. विषवाणिज्य म्हणजे विष विकून पोट भरणं. अंगणात झाड असणं म्हणजे व्यापार नव्हे. कडांना पांढरे ठिपके असलेल्या काळसर फुलपाखराच्या अळ्या कण्हेरीचीच पानं खाऊन वाढतात आणि फांदीला चांदीसारखा चमकणारा कोष लटकवतात. म्हणजे आपल्याला जे विष, तेच त्यांचं अन्न. झाडाला दोष देण्यात अर्थ नाही. जबाबदारी आपली आहे, आणि ती मुख्यतः छाटणीच्या दिवशी असते.

छाटलेल्या फांद्या आपण बऱ्याचदा बाहेर उकिरड्यावर टाकतो. हिरवी कण्हेर गाय सहसा तोंडात घेत नाही, पण सुकलेली पानं इतर चाऱ्यात मिसळली की खाल्ली जातात. सुकल्यावरही विष तसंच राहतं आणि थेट हृदयावर जातं. गोशाळेला देणगी द्यायची आणि आपल्याच कुंपणाच्या पाल्याने गाय मरायची, याला जीवदया कसं म्हणायचं?

म्हणून माझे नियम ठरलेले आहेत. चातुर्मासात कात्री लावायची नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर, बहर ओसरला की, आधी घरटं, अळी, कोष आहे का ते फांदी-फांदी पाहायचं आणि मग हलकी छाटणी करायची. हातमोजे घालायचे, कारण चीकही विषारी. पाला त्याच दिवशी खड्डा करून पुरायचा. जाळायचा नाही, कारण धूरही बाधतो. गायी-शेळ्या तोंड घालतील अशा गल्लीच्या कडेला कण्हेर लावायचीच नाही.

ज्यांच्या घरी रांगतं मूल आहे त्यांनी ती अजून दोन-चार वर्षं लावू नये. पिवळी कण्हेर, जिच्या बिट्ट्यांनी मुलं खेळतात, ती तर मुलांच्या घरात नकोच. तिच्या बिया फार घातक. मुलाने काही चावलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

एवढी जयणा जमणार नसेल तर खुशाल अडुळसा लावा. तोही सदाहरित आणि काटक, आणि कडू असल्यामुळे जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पण केवळ विषारी म्हणून चांगली वाढलेली कण्हेर उपटून त्या जागी पाणीपिऊ लॉन आणणार असाल, तर मैत्रिणींनो, ते मला धर्माचं वाटत नाही.