उत्तर आधी ठाऊक नसलेला प्रयोग

आपल्या प्रयोगवहीतले साध्या लंबकाचे पान उघडून पाहा. गुरुत्वीय त्वरणाची किंमत 980 च्या आसपास आली आहे ना? यायलाच हवी. वर्गातल्या साऱ्या वह्यांत ती तशीच येते. एखाद्याची 900 आली, तर तो हळूच शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि दोन-तीन निरीक्षणे खोडरबराने 'दुरुस्त' होतात. गुरुजींनाही हे ठाऊक असते. मीही शाळेत हेच केले आहे, तेव्हा उपदेशाचा आव आणण्याचा मला अधिकार नाही. परंतु पुढे दूधडेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी करताना ही सवय मोडायला मला किती दिवस लागले, ते सांगावेसे वाटते. शाळेतल्या प्रात्यक्षिकात वर्षातून एक तरी प्रयोग असा असावा, की ज्याचे उत्तर गुरुजींनाही ठाऊक नाही, असे माझे ठाम मत आहे. ते कशामुळे बनले, ते आधी ऐका.

गोष्ट 1983 सालची. आमच्या डेअरीला आसपासच्या गावांतून दूध येई. दुधाचा भाव त्यातल्या स्निग्धांशावर, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत 'फॅट'वर ठरे. गावच्या संकलन केंद्रावर एकदा फॅट काढले जाई आणि नमुन्याची बाटली मुख्य प्रयोगशाळेत आली, की तेथे पुन्हा. पद्धत दोन्हीकडे एकच, गर्बरची. ब्यूटिरोमीटर नावाच्या काचनळीत 10 मिलिलिटर तीव्र सल्फ्यूरिक आम्ल घ्यायचे, त्यावर 10.75 मिलिलिटर दूध अलगद सोडायचे, 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालायचे, बूच लावून हलवायचे. आम्लात दुधातली प्रथिने विरघळतात आणि नळी हाताला चटका बसेल इतकी तापते. मग ती मिनिटाला सुमारे 1100 फेरे घेणाऱ्या यंत्रात फिरवायची, 65 अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवायची आणि वर जमलेल्या स्निग्धाचा पिवळसर स्तंभ खुणांवर वाचायचा. (हा प्रयोग घरी करून पाहण्याचा नव्हे. ते आम्ल कपडेच काय, कातडीही जाळते.)

एका केंद्राचे आकडे आमच्या आकड्यांशी जुळेनात. तेथे म्हशीच्या दुधाला 6.8 लागले, तर आमच्याकडे 6.5. आकडा नेहमी आमचाच कमी. केंद्रावरचा परीक्षक विशीतला, गावातलाच मुलगा. तो आपल्या भाऊबंदांचे फॅट वाढवून लिहितो, असे बोलले जाऊ लागले. मोठे साहेब मला म्हणाले, "आज संध्याकाळी दोन बाटल्या तपासा आणि रिपोर्ट द्या. उद्या त्याला घरी बसवू."

दोन बाटल्या तपासून काय कळले असते? फार तर फरक आहे एवढे कळले असते, आणि ते तर आधीच माहीत होते. फरक माणसामुळे, वेळेमुळे, प्रवासामुळे की आमच्याच हातून पडतो, हा खरा प्रश्न होता. प्रश्न असा फोडून मांडला, की प्रयोगाचा आराखडा निम्मा तयार होतो, हे मी त्या आठवड्यात शिकलो. साहेबांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. ती त्यांनी कुरकुरत का होईना, दिली.

आराखडा असा होता. रोज दोन कॅन निवडायचे आणि प्रत्येक कॅनमधून चार बाटल्या भरायच्या. पहिली केंद्रावर लगेच तपासायची. दुसरी केंद्रावरच स्वस्थ ठेवायची आणि गाडी मुख्य डेअरीत पोहोचण्याच्या वेळेला तेथेच तपासायची. तिसरी नेहमीप्रमाणे गाडीतून येईल आणि नेहमीप्रमाणेच तपासली जाईल. चौथीही त्याच गाडीतून येईल, पण तपासण्यापूर्वी ती 40 अंशांपर्यंत कोमट करून, नीट मिसळून, पुन्हा थंड केली जाईल. पहिली आणि दुसरी यांत फरक पडला तर दोष वेळेचा. दुसरी आणि तिसरी यांत पडला तर प्रवासाचा किंवा आमचा. तिसरी आणि चौथी यांत पडला, तर प्रवासात दुधाचे काय होते ते उघड होईल. शिवाय बारापैकी चार दिवस आमचा अनुभवी परीक्षक केंद्रावर जाऊन बसेल आणि त्या मुलाचे काम स्वतः करील. फरक माणसामुळे असेल, तर त्या चार दिवसांत तो नाहीसा व्हायला हवा.

बाटल्यांवर गावाचे नाव नसे, नुसता क्रमांक असे, आणि तो चिठ्ठ्या टाकून ठरे. कोणता क्रमांक कोणत्या बाटलीचा, ती यादी हिशेबनिसांच्या कपाटात कुलपात. चौथी बाटली कोमट करणारा शिपाई वेगळा, तपासणारा वेगळा. आमच्या परीक्षकाला याचा राग आला. "माझ्यावर भरवसा नाही का?" असे त्याने विचारले. भरवसा होता, परंतु स्तंभाची कड 6.5 आणि 6.6 या खुणांच्या मध्ये असली, तर मनात असलेल्या बाजूला डोळा आपोआप झुकतो. माझाही झुकतो. पहिली बाटली मात्र अशी लपवता येण्यासारखी नव्हती, कारण ती त्या क्षणीच तपासायची होती. ही उणीव आम्ही वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवली.

किती फरक पडला म्हणजे तो खरा मानायचा, हेही आधीच ठरवले. एकाच दुधाच्या दोन नळ्या लावल्या तरी वाचन तंतोतंत सारखे येत नाही. तेव्हा एखाद्या दिवसाच्या आकड्याकडे बघायचे नाही, बारा दिवसांची सरासरी आणि दर दिवसाचा कल पाहायचा, असे ठरले. आकडे हातात आल्यावर मोजपट्टी ठरवली, तर ती आपल्या सोयीची निघते.

या बाबतीत आमच्यासारख्या कामगार-प्रयोगशाळांचा एक पूर्वज मला नेहमी आठवतो. विल्यम गॉसेट हा ऑक्सफर्डला शिकलेला तरुण 1899 साली डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात लागला. जव आणि हॉप्स यांची परीक्षा करायची, तर हाती निरीक्षणे मोजकीच, चार किंवा सहा. एवढ्यावरून किती विश्वासाने बोलावे, याचे गणित त्या वेळी नीटसे कुणापाशी नव्हते. गॉसेटने ते रचले आणि 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापले, कारण कारखाना आपल्या नोकरांना नावानिशी लिहू देत नसे. याउलट कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्याच्या मालकाने 1875 साली प्रयोगशाळा काढली, तेव्हा तेथले कोणतेही महत्त्वाचे निष्कर्ष गुप्त ठेवायचे नाहीत, असा नियमच घालून दिला. तेथेच 1883 साली केल्डालने पदार्थातला नायट्रोजन मोजण्याची पद्धत बसवली आणि 1909 साली सोरेनसेनने पीएच ही कल्पना मांडली. दोन्ही उदाहरणे मद्याच्या कारखान्यांची निघाली याला माझा इलाज नाही. पण तुमच्या रसायनाच्या पुस्तकातला पीएच विद्यापीठाच्या मनोऱ्यात जन्मला नाही, हे गुरुजींनी वर्गात अवश्य सांगावे.

आता आमच्या बाटल्यांकडे वळू. पहिला दिवस माझ्यामुळेच फुकट गेला. कॅन न घुसळताच मी बाटल्या भरल्या. साय वर येते हे शेंबडे पोरही जाणते, पण घाईत मी विसरलो. ती चूक मला बाटल्या भरून झाल्याबरोबर, एकही वाचन होण्यापूर्वी लक्षात आली, म्हणून त्या दिवसाची आठही वाचने बाद केली. पान फाडले नाही. त्यावर कारण लिहून तिरपी रेघ मारली, आणि बारा दिवस दुसऱ्या दिवसापासून मोजले. पुढे सातव्या दिवशी एका कॅनची चौथी बाटली तिसरीपेक्षा कमी निघाली, म्हणजे आमच्या अपेक्षेच्या अगदी उलट. हात शिवशिवला. हे वाचन गाळले असते तर तक्ता देखणा झाला असता. परंतु गाळण्याला कारण काय? आकडा आवडला नाही, एवढेच. ते वाचन तसेच ठेवले. पहिल्या दिवसाचे पान आणि सातव्या दिवसाचे वाचन यांतला हा भेद मला शाळेत कुणी सांगितला असता, तर लंबकाच्या वहीत मी खोडरबर चालवला नसता.

बारा दिवसांत 96 वाचने झाली. पहिली आणि दुसरी बाटली जवळजवळ सारखी. तिसरी त्यांच्यापेक्षा सरासरीने 0.3 कमी. चौथी फक्त 0.1 कमी. आमचा परीक्षक केंद्रावर बसला त्या चार दिवसांतही तेच. म्हणजे मुलगा निर्दोष होता. नमुन्याच्या बाटल्या अर्धवट भरलेल्या असत आणि खडबडीत रस्त्यावर गाडीत त्यांचे ताक घुसळल्यासारखे होई. लोण्याचे बारीक कण बुचाला आणि काचेला चिकटत. आम्ही थंड बाटली हलवून पिपेटने दूध उचलत होतो आणि लोणी मागेच राहत होते. पुढे बाटल्या गळ्यापर्यंत भरून आणि तपासण्यापूर्वी कोमट करून घेऊ लागलो. तो मुलगा पुढे अनेक वर्षे त्याच केंद्रावर होता.

उरलेल्या 0.1 चे कारण सापडले नाही. पाण्याच्या भांड्यातला तापमापक 2 अंश चुकीचा दाखवत होता, परंतु तेवढ्याने वाचन इतके बदलत नाही. पिपेटी अदलाबदल करून पाहिल्या, तरी फरक राहिलाच. अहवालात मी 'कारण समजले नाही' असे लिहिले. साहेब म्हणाले, "हे वाक्य काढा, वर वाईट दिसते." मी काढले नाही. त्यांनीही पुढे आग्रह धरला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

आज अनेक केंद्रांवर यंत्रात दूध घातले की मिनिटाभरात आकडा दिसतो. तो आकडा बरोबर आहे का, हे ठरवायला मात्र कुणाला तरी गर्बरच्या नळ्या आजही फिरवाव्या लागतात, आणि नमुना नीट मिसळावा लागतोच.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठून आणायचे? महाग उपकरणे लागत नाहीत. शाळेच्या ओसरीत पाण्याचे माठ असतात. जुन्या माठातले पाणी नव्या माठाइतके गार होत नाही, असे म्हणतात. खरेच का? किती अंशांचा फरक? माठ धुतल्याने तो कमी होतो का? किती माठ घ्यायचे, किती दिवस, तापमापक कुणी वाचायचा आणि वाचणाऱ्याला माठाचे वय कळू नये म्हणून काय करायचे, हे आठवीच्या वर्गाने एका तासात फळ्यावर ठरवावे. उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी, मार्चमध्ये, दोन आठवडे मिळाले तरी पुरेत. गुरुजींनी उत्तर शोधून ठेवू नये, आणि गुण आकड्याला न देता वहीला द्यावेत.