मालकाचा अटकपूर्व जामीन

शहागंजच्या घड्याळ मनोऱ्यापासून जवळच, एका तिमजली कापडाच्या गोदामात गेलो होतो. माललिफ्टवर लाल अक्षरांत पाटी: ‘फक्त मालासाठी. माणसांनी चढू नये.’ आणि पाटीशेजारून दोन हमाल गाठींवर बसून वर निघाले होते. दार सताड उघडे.

दार उघडे असताना लिफ्ट हलतेच कशी, असे विचारले. मुनीमजी कौतुकाने म्हणाले, “दाराचा स्विच सारखा त्रास द्यायचा. वायरमनकडून डायरेक्ट करून घेतला.”

हे ‘डायरेक्ट’ नीट समजून घ्या. दार लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये, आणि लिफ्ट मजल्यावर आल्याशिवाय दार उघडू नये, म्हणून ही सोय असते. वीतभर वायरीने ती मारून टाकली, की दारामागे लिफ्ट उभी आहे की तीन मजल्यांची विहीर, हे डोक्यावर गाठ घेतलेल्या माणसाने पायानेच चाचपायचे. पाय चुकला की मालक हळहळतो: “नवा पोरगा होता, लक्ष नव्हतं.”

लक्ष कोणाचे नव्हते, ते कायदाच सांगतो. 1948च्या कारखाना कायद्याच्या कलम 28 मध्ये दाराची ही अट होती. माणसे नेणाऱ्या पिंजऱ्याला निदान दोन दोर, त्यातला प्रत्येक एकट्याने सगळा भार पेलणारा. दोर तुटलाच तर पिंजरा धरून ठेवणारी यंत्रणा. आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. गोदाम म्हणजे कारखाना नव्हे, ही पळवाटही नको. राज्यात लिफ्टसाठी 2017चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात परवाना सक्तीचा आहे.

दोर तुटूनही पिंजरा पडत नाही, हे एलिशा ओटिसने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात 1854 साली स्वतः वर उभे राहून, दोर कापायला लावून दाखवले होते. तरी 10 सप्टेंबर 2023ला ठाण्यात बाळकुमला बांधकामावरची लिफ्ट चाळिसाव्या मजल्यावरून कोसळली. वॉटरप्रूफिंगचे काम आटोपून उतरणारे सात कामगार गेले. याला अपघात म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वाळूज असो, चिकलठाणा असो की शहागंज, उपाय महाग नाहीत. डायरेक्ट केलेली वायर आजच काढा. दुरुस्तीला माणूस खड्ड्यात उतरला, की मेन स्विच पाडून कुलूप लावा आणि किल्ली त्याच्याच खिशात द्या. तपासणीचा कागद गल्ल्यावरच्या लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगा. तिथे तरी रोज नजर जाते.

आणि ती पाटी? ती हमालासाठी लिहिलेलीच नाही. साठ किलोची गाठ घेऊन तो तीन जिने चढणार नाही, हे मालकाला पक्के ठाऊक आहे. ती पोलिसांच्या पंचनाम्यासाठी आहे, मालकाचा रंगवून घेतलेला अटकपूर्व जामीन. ठेवायचीच असेल तर खाली आणखी एक ओळ रंगवा: ‘दाराचा स्विच मालकाच्या हुकमाने काढला आहे.’

मग पंचनामा होऊ द्या.