सभागृह दिले, यादी दिली नाही

लालबागेत सकाळी फिरायला जाणाऱ्या आपल्या मंडळींत पूर्वी पेन्शन, मुलांची लग्ने आणि नगर निगमाचा जलकर हे विषय असत. हल्ली त्यांत क्रिप्टोची भर पडली आहे. नुकतीच समाजातील काही तरुणांनी आपली नवी क्रिप्टो कंपनी सुरू करण्यासाठी मंडळाकडे दोन गोष्टी मागितल्या : माहिती देण्यासाठी सभागृह आणि सभासदांची यादी. कार्यकारिणीने सभागृह दिले, यादी दिली नाही. त्यावरून बरीच कुजबुज झाली, म्हणून आमची भूमिका येथे मांडतो.

मराठी मुले धंद्यात उतरत नाहीत, अशी तक्रार करीत आमची पिढी म्हातारी झाली. आता ती उतरत असताना त्यांचे पाय ओढणे आम्हांस शोभणार नाही. मुंबईच्या कॉईनडीसीएक्सने ऑगस्ट २०२१ मध्ये ९ कोटी डॉलर उभे केले. मुंबईतच २०१७ मध्ये मॅटिक या नावाने सुरू झालेल्या पॉलिगॉनने फेब्रुवारी २०२२ मध्ये ४५ कोटी डॉलर मिळविले. मग इंदूरच्या मुलांनी का प्रयत्न करू नये?

अवश्य करावा. पण तो पैसा कोणाचा होता, हेही पाहावे. व्हेंचर कॅपिटलवाले दहा कंपन्यांत पैसा घालतात तो बहुतेक बुडणार हे धरूनच. एखादी तरली की बाकीचे भरून निघते. सेबीने २०१२ च्या नियमांत अशा फंडासाठी साधारण गुंतवणूकदाराची किमान रक्कम १ कोटी रुपये ठेवली, ती उगाच नव्हे. ज्याला बुडाले तरी चालते, त्याचाच हा खेळ. रामबाग-नारायणबागेतील निवृत्त मास्तरांची ग्रॅच्युइटी हे व्हेंचर कॅपिटल नव्हे. ते म्हातारपणाचे औषधपाणी आहे.

हा फरक विसरला की काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. गेनबिटकॉईन या योजनेत दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे आमिष दाखविले गेले. ओळखीतून ओळख, नात्यातून नाते अशी साखळी वाढली. प्रमुख आरोपी अमित भारद्वाज यांना २०१८ मध्ये अटक झाली, जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. लोकांनी यंत्रणेवर नव्हे, ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवला होता. आपली सभासद-यादी म्हणजे नेमका तोच विश्वास. तो आमच्या मालकीचा नाही, मग आम्ही तो कसा देणार?

सरकारलाही आमचा प्रश्न आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर बसला, तोटा वजा करण्याची सोय मात्र ठेवली नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीस गेले, तेव्हा भारतीय ग्राहकांच्या परतफेडीचा आराखडा सिंगापूरच्या न्यायालयापुढे गेला! नफ्यात वाटा घेणाऱ्याने रक्षणाची जबाबदारीही घ्यावी, एवढीच आमची मागणी आहे, आणि तसे निवेदन आम्ही खासदारांना देणार आहोत.

ज्या होळकरांनी लालबाग उभारला, त्याच घराण्यातील दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिले. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के, आणि कशासाठी तेही ठरलेले. नव्या यंत्रावर पैसा लावण्याचे धाडस इंदूरला नवे नाही. पण ते धाडस दौलतीच्या बळावर होते आणि सारे कागदावर होते.

तेव्हा तरुणांनो, सभागृहात जरूर या. हिशेब मांडा, धोका आधी सांगा, प्रश्नांना उत्तरे द्या. त्या सभेत कोणाकडूनही एक रुपया घेऊ नका. ज्यांचा धंदाच जोखमीचा आहे, त्यांच्या दारी जायला ओळख लागली तर आम्ही स्वतः चिठ्ठी देऊ. आणि ज्येष्ठांनो, नातवाला आशीर्वाद द्या, पण एफडी मोडू नका.